गेलेले आटे आणि ॲल्युमिनियमचे इंजिन

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्याच्या कुंडल परिसरात लोखंडी यंत्रांशी माणसांची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे. बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून उद्योगाला आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा ओसाड माळ कारखान्यासाठी दिला, १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळाले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी सुरुवातीला लोखंडी नांगराकडे फिरकत नसत. परंतु तो एकदा स्वीकारला गेल्यावर झिजलेला फाळ बोल्ट सोडवून बदलता येतो, ही सोय त्यांच्या अंगवळणी पडली. नांगरामागून पंप आले, उसाच्या या पट्ट्यात विहिरींवर आणि नदीकाठी मोटारी बसल्या, आणि पंपाच्या फ्लँजचे, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या जाड कड्यांचे, बोल्ट आवळणे हा शेतीकामाचाच एक भाग होऊन बसला.

पंपाचे कवच बिडाचे असते आणि फ्लँजचा बोल्ट चांगला अंगठ्याएवढा जाड असतो, त्यामुळे तो अंगाचा भार टाकून आवळला तरी सहसा काही बिघडत नाही. मोटारसायकलच्या इंजिनाचे कवच मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबाने ओतलेले असते, आणि त्यातील बहुतेक बोल्ट सहा किंवा आठ मिलिमीटर व्यासाचे असतात. घरच्या घरी ऑईल बदलताना किंवा क्लच प्लेट तपासताना जे बोल्ट वाया जातात, त्यांतील पुष्कळांचे कारण अज्ञानापेक्षा सवयीत असते: बिडावर आणि पोलादावर तयार झालेला हात ॲल्युमिनियमवर तेवढेच बळ लावतो. बोल्ट घट्ट होत होत एकाएकी सैल पडतो, पाना नुसता गरगर फिरू लागतो, आणि गॅरेजच्या भाषेत भोकाचे ‘आटे गेले’ किंवा ‘नट स्लिप झाला’ असे म्हटले जाते.

आटे म्हणजे बोल्टाच्या अंगावर आणि भोकाच्या आतल्या भिंतीवर मळसूत्राप्रमाणे फिरत गेलेला कोरीव कंगोरा. लगतच्या दोन कंगोऱ्यांमधील अंतराला पिच म्हणतात. एक पूर्ण फेरा दिला की बोल्ट तेवढाच पुढे सरकतो. बोल्ट केवळ भोकात अडकून बसल्यामुळे दोन भाग एकत्र राहतात असे वाटते, पण प्रत्यक्षात आवळलेला बोल्ट किंचित लांब ताणला गेलेला असतो, आणि पूर्ववत आखूड होण्याच्या त्याच्या धडपडीमुळे दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. हा सगळा ताण शेवटी आट्यांवर येतो, तोही सारखा वाटला जात नाही: पोलादी नटबोल्टात नटाच्या पहिल्याच आट्यावर एकूण भाराचा सुमारे एक तृतीयांश भाग येतो आणि पुढचे आटे क्रमाने कमी भार उचलतात. पोलादी बोल्टापेक्षा ॲल्युमिनियम मऊ असल्याने बळ मर्यादेबाहेर गेले की भोकातील कंगोरेच मुळापासून कापले जातात, आणि बाहेर काढलेल्या बोल्टाच्या खोबणीत ॲल्युमिनियमची बारीक तार गुंडाळलेली दिसते. ती तार दिसली की दोष बोल्टात नसून भोकात आहे हे निश्चित समजावे; अशा वेळी नवा बोल्ट आणून काहीही साधत नाही.

बळाचा हिशेब सोपा असूनही तो क्वचितच मांडला जातो. पान्याने दिलेल्या पिळाला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला एक किलो वजन टांगले तर सुमारे १० न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. ॲल्युमिनियमच्या कवचातील सहा मिलिमीटर बोल्टाला साधारण एवढाच टॉर्क पुरतो, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पान्यावर पाच किलोंचा भार. तळाशी असलेला बारा मिलिमीटरचा ऑईल ड्रेनचा बोल्ट, ज्याला सर्वत्र ‘ड्रेन नट’ म्हणतात, साधारण २५ न्यूटन-मीटरवर थांबायला हवा. उभ्या माणसाने २५ सेंटिमीटरच्या रिंग पान्यावर ३० किलोंचा जोर दिला, तर हा आकडा ७० च्या पुढे जातो, आणि पान्याला पाइपचा तुकडा जोडला तर विचारायलाच नको. याशिवाय लावलेल्या टॉर्कचा फार मोठा वाटा बोल्टाच्या डोक्याखाली आणि आट्यांत घर्षणावर खर्च होतो, फक्त दहावा भाग किंवा त्याच्या आसपास ताण निर्माण करण्यासाठी उरतो. त्यामुळे कोरड्या बोल्टासाठी ठरवलेला टॉर्क ऑईलने माखलेल्या बोल्टाला जसाच्या तसा दिला, तर ताण अपेक्षेपेक्षा बराच वाढतो.

अतिरिक्त जोर हे एकच कारण नाही. बोल्ट तिरपा धरून पान्यानेच सुरुवात केली, की त्याचे आटे भोकातील आट्यांना आडवे कापत जातात. पोलाद जिंकते आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच भोकाचे तोंड खराब होते. यावरचा उपाय कोणत्याही हत्याराहून स्वस्त आहे: बोल्ट प्रथम बोटांनी, उलट्या दिशेने हलका फिरवावा, दोन्हींच्या आट्यांची तोंडे जुळल्याची बारीकशी टकटक जाणवली की मग सुलट दिशेने, आणि किमान तीन फेरे बोटांनीच द्यावेत. त्याहून फसवे कारण म्हणजे चुकीचे पिच. मोटारसायकलवरील दहा मिलिमीटरच्या बोल्टाचे पिच बहुधा १.२५ मिलिमीटर असते, तर हार्डवेअरच्या दुकानात त्याच जाडीचा मिळणारा सर्वसाधारण बोल्ट १.५ चा असतो; ड्रेन नट पुष्कळ गाड्यांत १२ गुणिले १.५ चा, तर दुकानातला १२ चा बोल्ट १.७५ चा. दोन्ही नुसत्या नजरेला सारखेच दिसतात, दोन फेरे सहज जातात, मग जड वाटू लागतात, आणि जड वाटणे म्हणजे नीट बसणे असा समज करून पाना लावला की भोक संपते.

पिचच्या या गोंधळाला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ले याने १८०० च्या सुमारास आटे अचूक कापणारा लेथ तयार केला, तरीही प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळेच राहिले. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली देशभरासाठी एक ठरावीक मोजमाप सुचवले, ज्यात आट्याच्या कंगोऱ्याचा कोन ५५ अंश होता. अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्सने ६० अंशांचा कोन मांडला, आणि आजच्या आंतरराष्ट्रीय मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशांचाच आहे. भारतात १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, परंतु १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या बुलेटमध्ये इंचाचे ब्रिटिश आटे होते, आणि जुन्या बुलेट अजूनही रस्त्यावर आहेत. पाच-सोळांश इंची व्हिटवर्थ बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाड आणि आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट त्याहून केसभर जाड; पहिल्याचे पिच १.४१, दुसऱ्याचे १.२५. जुन्या बुलेटच्या भोकात आठचा बोल्ट कोंबून बसवणाऱ्याने दोन पिढ्यांच्या मोजपट्ट्या एकमेकींवर घासल्या, एवढेच म्हणता येईल. पिच ओळखण्यासाठी पिच गेज नावाची दातेरी पात्यांची जुडी मिळते; ती नसेल तर मूळ बोल्ट आणि नवा बोल्ट एकमेकांना चिकटवून उजेडाकडे धरावेत, दाते तंतोतंत बसले आणि मधून फट दिसली नाही तरच दोन्ही एक समजावेत.

क्लच कव्हर उघडताना आणखी एक बाब दुर्लक्षिली जाते. त्याचे बोल्ट एकाच जाडीचे पण वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि खोल भोकात आखूड बोल्ट गेला तर त्याला धरायला तीन-चारच आटे मिळतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवणारा मनुष्य हा घोळ करत नाही. ज्या भोकाचा तळ बंद असतो त्यात ऑईल साचले असेल, तर बोल्ट आत जाताना ते दाबले जाते आणि प्रसंगी कवचालाच तडा जातो. म्हणून असे भोक कापडाच्या पिळाने कोरडे करूनच बोल्ट लावावा. सायलेन्सरच्या स्टडची आणि स्पार्क प्लगची गोष्ट निराळी असते: तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, ओलाव्यात दोन धातूंच्या संगतीने गंज धरतो, आणि वर्षानुवर्षे न उघडलेला जोड सोडवताना आटेच सोबत घेऊन येतो. म्हणून प्लग नेहमी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावा, आणि नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत बसवून त्यानंतर साधारण अर्धाच फेरा आवळावा.

आटे गेल्यावर प्रथम जे उपाय सुचतात ते बहुधा निरुपयोगी असतात. टेफ्लॉन टेप पाण्याच्या नळाची गळती थांबवते, पण ज्या आट्यांत ताकदच उरलेली नाही त्यांना ती काहीही देत नाही; उलट ड्रेन नटावर गुंडाळलेली टेप फाटून तिचे तुकडे ऑईलमध्ये जाऊ शकतात. दोन भाग कालवून तयार होणारी इपॉक्सी लांबी गळती काही दिवस झाकते आणि पुढच्या ऑईल बदलाच्या वेळी बोल्टासह निघून येते. आटे स्वतःच कापत जाणारा जाड ड्रेन नट बाजारात मिळतो व तो पुष्कळदा चालतोही, परंतु तो सरळ गेला नाही तर वॉशर एका कडेनेच टेकते आणि ऑईल पाझरत राहते. या सगळ्यांना जुगाड म्हणून कौतुक मिळते, पण ज्या भागाची किंमत हजारोंत आहे त्याच्यावर दहा-वीस रुपयांचा प्रयोग करणे फारसे शहाणपणाचे नाही.

खरी दुरुस्ती करण्यापूर्वी नुकसान किती झाले आहे हे पाहिले पाहिजे. बोल्ट नुसता फिरतो पण बाहेर येत नाही, अशा वेळी डोक्याखाली स्क्रू ड्रायव्हरची पाती हलकेच सरकवून वर उचलत उलटा फिरवला की तो निघतो. केवळ तोंडाजवळचे आटे चेमटले असतील तर त्याच मापाचा टॅप, म्हणजे भोकाच्या आत आटे पाडणारे कठीण पोलादाचे हत्यार, हाताने फिरवून घेतला तरी काम भागते. साच्यातून निघालेली भोके कित्येकदा मूळ बोल्टापेक्षा खोल असतात आणि तळाशी न वापरलेले निरोगी आटे शिल्लक असतात. काडी घालून खोली मोजावी, आणि जागा असेल तर पाच-सात मिलिमीटर लांब बोल्ट लावावा. हा उपाय इतका साधा आहे की तो विसरला जातो. मात्र बोल्ट भोकाच्या तळाला टेकता कामा नये, अन्यथा आवळल्याचा भास होतो आणि कव्हर सैलच राहते.

तेही शक्य नसेल तर एक मार्ग भोक मोठे करण्याचा. आट्यांसाठी भोक किती पाडावे याचे सूत्र कोणताही फिटर तोंडपाठ म्हणतो: बोल्टाच्या व्यासातून पिच वजा करावे. सहा गुणिले एक साठी पाचचे ड्रिल, आठ गुणिले १.२५ साठी ६.८ चे, आणि बारा मिलिमीटरचा ड्रेन नट गेल्यावर चौदा गुणिले १.५ करायचे तर १२.५ चे. ड्रेनच्या भोकाभोवती धातू जाड असेल तर ही दुरुस्ती टिकाऊ होते, पण कव्हरच्या बारीक भोकांभोवती तेवढी जाडी नसते आणि कव्हरचे छिद्रही मोठे करावे लागते.

म्हणून मूळ बोल्टच कायम ठेवून भोकाला नवे आटे देणारी पद्धत सर्वांत समाधानकारक ठरते. अमेरिकेत १९३० च्या दशकात विकसित झालेली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या इंजिनांत प्रसार पावलेली ही पद्धत ‘हेलिकॉइल’ या व्यापारी नावाने ओळखली जाते. दुकानात नुसते ‘इन्सर्ट’ म्हटले तरी समजते. चौकोनी तुकडा कोनावर उभा केला असता दिसेल तशा काटछेदाची स्टेनलेस स्टीलची तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. तिची बाहेरची कड भोकातील मोठ्या आट्यांत बसते आणि आतली कड मूळ मापाच्या बोल्टाला नवे आटे पुरवते. मोकळी असताना ही गुंडाळी भोकापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे आत गेल्यावर ती बाहेरच्या दिशेने दाब देत स्वतःहून घट्ट राहते. सहाच्या बोल्टासाठी ६.३ मिलिमीटरचे ड्रिल, आठसाठी ८.३ किंवा ८.४ चे, आणि त्यानंतर संचासोबत येणारा खास टॅप, ज्याचे पिच मूळ बोल्टाचेच असते पण व्यास मोठा असतो. नेहमीच्या टॅपने येथे काम होत नाही.

सगळ्या कामात अवघड भाग ड्रिलचा आहे. हातातील ड्रिल मशीन थोडी झुकली तरी भोक तिरपे होते, तिरप्या भोकातील टॅपही तिरपाच जातो, आणि मग कव्हरच्या छिद्रातून बोल्ट आपल्या जागी पोहोचतच नाही. कव्हर सुटे करता येत असेल तर ते उभ्या ड्रिल मशीनवरच छिद्रावे. इंजिन गाडीतच असेल तर जुन्या भोकाला ड्रिल आपणहून धरून जाते या गोष्टीचा फायदा घेत, अगदी मंद गतीने, दोन बाजूंनी गुण्या ठेवून काम करावे. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर तळ फुटून ड्रिल ऑईलच्या खोलीत उतरते. टॅप फिरवताना ॲल्युमिनियमसाठी थोडे रॉकेल वापरण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. अर्धा फेरा पुढे दिला की पाव फेरा मागे घ्यावा, म्हणजे कापलेला चुरा तुटतो आणि टॅप अडकून मोडत नाही. मोडलेला टॅप काढणे हे गेलेल्या आट्यांहून कितीतरी मोठे संकट असते. हातटॅपच्या संचात टोकाला निमुळता होत गेलेला पहिला, मध्यम दुसरा आणि शेवटपर्यंत पूर्ण आटे पाडणारा बॉटमिंग असे तीन टॅप असतात. बंद तळाच्या भोकात शेवटचा लागतोच.

भोक इंजिनात उघडत असेल, जसे ड्रेनचे, तर टॅपच्या खोबणींत ग्रीस भरावे, म्हणजे चुरा त्याला चिकटून बाहेर येतो. काम संपल्यावर थोडे स्वस्त ऑईल वरून ओतून खालून वाहू द्यावे. इन्सर्ट बसवताना तो पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेरा आत जाईपर्यंत फिरवतात. त्याच्या खालच्या टोकाला आडवी जीभ असते, बसवणीचे हत्यार तिलाच पकडते, आणि नंतर पंचाचा हलका ठोका देऊन ती तोडायची असते. उघड्या भोकात मात्र ती निमुळत्या पक्कडीने पकडूनच काढावी, कारण आत पडलेला स्टेनलेसचा तुकडा गिअरमध्ये सापडला तर आट्यांची दुरुस्ती क्षुल्लक वाटू लागेल. ड्रेनच्या जागी इन्सर्टच्या बाहेरच्या कडेने ऑईल बाहेर पाझरू शकते, म्हणून तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर वाढवलेल्या भोकाच्या कडेपलीकडे नीट टेकेल एवढे रुंद घ्यावे.

अशी दुरुस्ती मूळ भोकापेक्षा बळकट होते, यात अतिशयोक्ती नाही. ॲल्युमिनियमची पकड आता सहाऐवजी साधारण ७.३ मिलिमीटर व्यासावर असते, म्हणजे कापला जाणारा घेर सुमारे एक पंचमांशाने वाढतो, आणि बोल्ट वारंवार काढला-घातला तरी घासतो तो स्टेनलेसवर. याच कारणाने काही कारखाने नव्या यंत्रांतच, जेथे बोल्ट सतत उघडावा लागतो तेथे, असे इन्सर्ट बसवूनच माल पाठवतात. झिजणारा भाग वेगळा आणि बदलता येण्याजोगा ठेवावा, हा फाळाचा हिशेब येथेही लागू पडतो.

कवचाचा तुकडाच उडाला असेल किंवा भोकाभोवती धातू उरला नसेल, तर इन्सर्ट बसत नाही. अशा वेळी लेथवर कातलेला पोलादी किंवा पितळी बुश, म्हणजे आतून आणि बाहेरून आटे असलेली जाड नळी, बसवता येते. नाहीतर आर्गन वेल्डिंगने भोक भरून नवे पाडावे लागते. वेल्डिंग हा शेवटचा उपाय आहे, कारण ऑईल मुरलेले ओतीव ॲल्युमिनियम स्वच्छ वितळत नाही आणि उष्णतेने कव्हरची सपाटी बिघडते.

घरी काय करावे आणि काय करू नये, याची सीमा स्पष्ट आखता येते. सहाचे कव्हर बोल्ट आणि ड्रेनचे भोक हे शांतपणे काम करणाऱ्याला घरच्या अंगणात जमण्याजोगे आहे, आणि पहिला सराव एखाद्या भंगारातील कव्हरवर केला तर संचाचा खर्च वाया जात नाही. स्पार्क प्लगच्या भोकाला मात्र घरी हात लावू नये: तेथील चुरा थेट सिलेंडरमध्ये पडतो, दहा मिलिमीटरचे भोक केसभर तिरपे झाले तरी प्लग गॅस धरत नाही, आणि हेड न उतरवता हे काम करू पाहणाऱ्याला पुढे पिस्टन व सिलेंडरही बदलावा लागण्याचा संभव असतो. हेड उतरवून ते पलूस, कराड किंवा सांगलीच्या लेथ वर्कशॉपमध्ये उभ्या मशीनवर द्यावे, आणि सोबत नेहमीचा प्लग न विसरता न्यावा, म्हणजे कारागिराला माप विचारावे लागत नाही.